सोबतीचं पाणी

लोणारच्या सरोवराकाठी उतरलेला परग्रहावरचा पाहुणा पाणी मागायचा आणि पाणी दिलं की तोंड फिरवायचा. हे कोडं काही केल्या सुटत नव्हतं. आला त्या दिवशी त्याच्या अंगातून निळा उजेड पाझरत होता. तिसऱ्या दिवशी तो अगदी मंद झाला. आणखी एक दिवस पाण्यावाचून गेला तर पाहुणा विझून जाईल, असं निर्मलाआत्याने स्पष्टच सांगितलं. आत्या भाषाशास्त्रज्ञ (भाषा कशा घडतात याचा अभ्यास करणारी) होती.

तिची भाची कादंबरी दहा वर्षांची. बोलताना अडखळायची, आणि आईबापांनी नाव ठेवलं तेही एवढं लांबलचक! तिचं 'का… का…' चालू असतानाच समोरचा नाव सांगून मोकळा व्हायचा. तिचा जीव नुसता चडफडायचा.

"लु…" म्हणून पाहुणा थांबला.

"लुमा! म्हणजे पाणी!" चटपट ओरडला. चटपट हा आत्याचा दुभाषा यंत्रमानव, हुशार पण भारी उतावळा. त्याने तेराव्यांदा पेला पुढे केला. पाहुण्याने डोळे मिटून घेतले.

असे डोळे कादंबरीने स्वतः कितीदा तरी मिटले होते.

"आत्या, ह्या… ह्याला गप्प कर. त्याचं बो… बोलणं संपलेलं नाही."

आत्याने चटपटला बंद केलं. सरोवरावर संध्याकाळ उतरत होती, हिरव्या पाण्यावरून धुकं हळूहळू सरकत होतं. तिघं नुसती बसून राहिली. बऱ्याच वेळाने पाहुण्याने एक खडा उचलला.

"बिसो."

मग त्याला दुसरा खडा टेकवून ठेवला. "बि…" तो थांबला. कादंबरीही थांबली. "…ते…सो."

"ते म्हणजे दो… दोन?"

"तपासून बघू," म्हणत आत्याने दोन खडे लांब लांब ठेवले. पाहुणा काहीच बोलला नाही. त्याने खडे जवळ सरकवले, तेव्हा कुठे म्हणाला, "बि…ते…सो."

"दोन नाही, सो… सोबत!"

"शाब्बास गं!" आत्या हरखली. "आपण 'घर'च्या शेवटी तुकडा जोडतो, 'घरात'. कधी पुढे जोडतो, 'बेघर'. हा शब्दाचं पोट उघडून आत ठेवतोय. याला मध्यप्रत्यय (शब्दाच्या आत बसणारा तुकडा) म्हणतात. आपल्या पृथ्वीवरही आहेत. फिलिपिन्सच्या टागालोग भाषेत 'सुलात' म्हणजे लिहिणं. 'स'नंतर 'उम' घातलं की होतं 'सुमुलात', म्हणजे लिहिलं."

"लु…" पाहुणा क्षीण आवाजात म्हणाला. दोघींनी श्वास रोखला. "…ते…मा."

सोबतीचं पाणी! त्याच्याकडे एकट्याने कुणी पाणी पीत नसणार, आणि चटपट त्याला तेरा वेळा एकट्यालाच पाजायला निघाला होता. कादंबरीने धावत दुसरा पेला आणला, त्याला खेटून बसली आणि एक घोट घेतला. पाहुण्यानेही घेतला. त्याच्या बोटांत निळा उजेड हलकेच पसरू लागला. कादंबरीला रडूच फुटलं.

"वसंतात आणखी बारा जण यायचेत," आत्या म्हणाली. "त्यांच्यासाठी थांबता येणारं माणूस लागेल मला. येशील?"

"ये…" शब्द अडला. आत्याचे ओठ हलले, पण तिने ते घट्ट मिटले. पाहुणाही पेला हातात धरून वाट बघत राहिला. कुणालाच घाई नव्हती.

"येईन," कादंबरी म्हणाली. तिचा शब्द आज तिनेच पुरा केला होता.