जोडणीची हजेरी

ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं फिरतं घर, गाडीला जोडणं आणि सोडवणं या विषयात आमच्या ओळखीपाळखीत माझा शब्द शेवटचा मानला जातो. हे मी स्वतःच सांगतोय, हे खरं. पण दुसरं कोणी सांगेपर्यंत थांबायला मला सवड नाही.

गाडीच्या मागे लोखंडी गोळा असतो, ट्रेलरच्या नाकाशी उलटी वाटी. वाटी गोळ्यावर बसली की खटका लावायचा, खटक्यात खीळ घालायची, खाली दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन अडकवायच्या. एवढंच. तरी यात माणसं पाय चिरडून घेतात. मी एकदाच चिरडला, तोही बायकोचा. चाकांना ठोकळे लावायचे राहिले, मी वाटी उचलली आणि ट्रेलर उतारावरून तिच्या पावलावर गेला. प्लॅस्टर निघालं त्या दिवशी ती शांतपणे म्हणाली, "आणखी एक चूक झाली, की हे डबडं विकायचं."

तेव्हापासून आमच्याकडे हजेरी असते. मी गाडीच्या दाराशी उभा राहून यादी वाचतो. ती मागे एकेका वस्तूला हात लावून उत्तर देते. तीन वर्षं एक चूक नाही.

परवा दुपारी मुक्कामाच्या तळावर उताराची जागा मिळाली. मी यादी काढली.

"ठोकळे?"

"डावा आहे. उजवा नाही."

जाऊन पाहिलं. उजवा ठोकळा गवतात पडला होता. लावला, परत दाराशी आलो.

"दिव्यांची वायर?"

"काढली."

"साखळ्या?"

"काढल्या."

"खीळ?"

"काढली."

आवाज बायकोचाच होता. फक्त त्यात कंटाळा नव्हता.

मागे गेलो तर तिथे कोणी नव्हतं. साखळ्या गुंडाळून ठेवलेल्या, खीळ पुसून त्यांच्यावर. तेवढ्यात समोरून, तळाच्या ऑफिसकडून, बायको पावती घेऊन येताना दिसली.

"मी येईपर्यंत दम नाही निघाला? हजेरी घेतलीत का?"

"घेतली."

"आणि उत्तरं कोणी दिली?"

"मीच."

"वा. स्वतःच विचारायचं, स्वतःच पास व्हायचं."

आवाजाचं सांगितलं असतं तर ट्रेलर गेलाच असता. शिवाय काम चोख झालं होतं, आणि चोख कामात खोट काढणं माझ्या स्वभावात नाही. संध्याकाळी शेजारच्या ट्रेलरमधले निवृत्त पोस्टमास्तर मुद्दाम येऊन म्हणाले, "तुमची शिस्त बघण्यासारखी आहे हो. वहिनींचा आवाज तर खणखणीत. त्या दिसल्या मात्र नाहीत."

मी मान डोलावली. छाती किंचित फुगली, हे कबूल करतो.

सकाळी निघताना बायको सरळ पुढच्या सीटवर जाऊन बसली. "घ्या तुमची हजेरी. नाहीतरी पासच होता."

मी दाराशी उभा राहिलो. तिला ऐकू जाऊ नये इतक्या हळू विचारलं.

"वाटी?"

"बसली."

"खटका?"

"लागला."

"खीळ?"

"आहे."

"साखळ्या?"

"छेद देऊन."

इतकी नेटकी उत्तरं मला आयुष्यात कोणी दिली नव्हती. शेवटचा प्रश्न राहिला. चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नाही, म्हणून तो विचारायचाच असतो.

"आत कोणी?"

मी यादीची घडी घालून खिशात ठेवली.

"आहे."

मी जाऊन ट्रेलरचं दार ओढलं. आतून कडी होती.

बायकोने काच खाली केली. "झालं का? आत बघितलंत?"

"बघितलं," मी म्हणालो. "कोणी नाही."

हजेरीत खोटं उत्तर पहिल्यांदाच दिलं गेलं, आणि ते मी दिलं.

गाडीत येऊन बसलो. किल्ली फिरवण्याआधी मागून बारीक आवाज आला. सामान सांडू नये म्हणून आत कोणीतरी कपाटांच्या खिट्ट्या लावत होतं.

सहाच्या सहा.