गिरधरच्या खालचा रिकामा चौकोन

"अभिमन नानांच्या जागी तुम्ही कशा काय?"

मेघानं लॅपटॉपवरून मान वर केली. समोर खांद्यावर काळी शाल टाकलेला एक तरुण उभा होता. पहाटे काकड्याला याच्याच पखवाजानं तिला जाग आली होती. पखवाजाला लावायची कणीक अजून त्याच्या बोटांना चिकटलेली होती...

"म्हणजे?"

"चौकोन बघा ना. खाली नाव अभिमन आणि वर फोटो तुमचा. रुपचंद भाऊंच्याही जागी तुम्हीच. चांगलं दिसतंय तसं, पण त्यांना चालेल का?"

मेघा ओशाळली. सप्ताहाला सगळी भाऊकी गावात येते, म्हणून तिनं मंडपाच्या कोपऱ्यात टेबल मांडलं होतं. घराण्याची वंशावळ लॅपटॉपवर उतरवायची, आलेल्या प्रत्येकाला समोर बसवायचं आणि त्याच्या नावाच्या चौकोनात फोटो टाकायचा. त्यासाठी वायरचा वेगळा वेबकॅमही तिनं जळगावहून आणला होता. तो मंडपाच्या बांबूला चिमट्यानं नीट लावलेला होता. पण बटण दाबलं की उघडायचा तो लॅपटॉपचाच कॅमेरा, आणि त्याच्यासमोर बसलेली असायची मेघा.

"मघापासून हेच चाललंय," ती म्हणाली. "मी कॅमेऱ्यालाच बोल लावत होते."

"बिचारा. ऐकून घेत होता सगळं."

दोघांनी मिळून सेटिंग शोधलं. यादीत दोन कॅमेरे होते, मेघानं दुसरा निवडला, आणि पडद्यावर एकदम तोच आला... काळी शाल, कपाळावर बुक्का, आणि ओठांत दाबलेलं हसू.

"आता बरोबर माणूस दिसतोय," तो म्हणाला.

"नाव?" मेघानं उगाच कडक आवाजात विचारलं.

"समाधान पाटील. धुळ्याला शाळेत शिकवतो, गाव साक्रीकडे."

"पाटील म्हणजे आमच्या भाऊकीतले?"

"नाही हो. मी सप्ताहाला वाजवायला आलोय."

"मग रांगेत कशाला उभे राहिलात?"

"मला वाटलं चहा इकडे मिळतो."

चहा इकडे नव्हता. पण त्या दिवसापासून समाधानला चहा तिथेच मिळू लागला.

मार्गशीर्षातले दिवस. सकाळी ऊन कोवळं असायचं आणि मंडपामागे कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भरताची वांगी भाजली जायची. तो खमंग धूर कीर्तनात जाऊन बसायचा, मेघाच्या ओढणीत जाऊन बसायचा... बुवांनी चाल धरली की टाळकरी डोलायला लागत. अशा वेळी देव दूर नसतो, समोरच्याच सतरंजीवर बसलेला असतो. मेघा भक्तीनंच ऐकायची. फक्त तिची नजर मधेच पखवाजाकडे जाई – आणि नेमकी त्याच वेळी त्याचीही इकडे येई.

दुपारी तो मदतीला यायचा. लोक घराघरांतून जुन्या तसबिरी आणत. काचेवर उजेड चमके आणि फोटोत पणजोबांऐवजी मंडपाचं झुंबर येई. समाधान आपली काळी शाल दोन हातांनी वर धरून आडोसा करायचा, की काच निवळायची.

"थोडं डावीकडे," मेघा म्हणायची.

"तुमच्या डावीकडे की माझ्या?"

"तुमच्या."

"मग मी तुम्हाला दिसणार नाही."

"मी पणजोबांचा फोटो काढतेय."

"हो, पणजोबांचं नशीब."

शालीच्या आडून तो हसला की शाल हलायची आणि फोटो बिघडायचा. मग पुन्हा काढावा लागे... मेघाची तक्रार नव्हती.

सप्ताह संपायला एक दिवस उरला तेव्हा मेघाचे आजोबा, लोटन आबा, काठी टेकत फोटोला आले. सगळी वंशावळ त्यांनीच तोंडपाठ सांगितली होती. फक्त एका ठिकाणी ते थांबत. त्यांचा थोरला भाऊ गिरधर तरुणपणी बापाशी बोलाचाली होऊन साक्रीकडे निघून गेला, तो परतलाच नाही. पडद्यावर गिरधरच्या नावाखाली, त्याच्या वंशासाठी, एकच रिकामा चौकोन होता.

आबा खुर्चीत बसले. समाधाननं त्यांची टोपी सरळ केली. आबांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"कोठला शेस रे, भाऊ, तू?"

"साक्रीकडचा, आबा. पाटील."

"आजानं नाव काय?"

"गिरधर."

आबांच्या हातातली काठी खाली पडली. ती उचलायला समाधान वाकला, तर आबांनी त्याचं डोकंच छातीशी धरलं.

"मेघा, जोड याले," ते म्हणाले. सगळे आले, गिरधरच राहिला, ही आठवडाभराची खंत त्यांच्या आवाजात होती. "मना भाऊना नातू शे. बठ्ठा उनात, एक गिरधरच राही गयता."

मेघाचा हात माऊसवर तसाच राहिला. एक बटण दाबलं की रेघ ओढली जाणार होती. गिरधर, त्याचा मुलगा, त्याच्याखाली समाधान. आणि इकडे लोटन आबा, मेघाचे वडील, मेघा. एकाच झाडाच्या दोन फांद्या. एका घराण्यातले म्हणजे बहीण-भाऊ... पुढचा विचार तिनं केला नाही.

"लाईट गेलीये, आबा. नंतर जोडते," ती म्हणाली. मंडपातले दिवे लखलखत होते.

आबांना त्याचं काही नव्हतं. जो भेटेल त्याला ते सांगत सुटले की गिरधरचा नातू सापडला.

संध्याकाळी हरिपाठ संपल्यावर समाधान टेबलापाशी आला. आज तो हसत नव्हता.

"जोडलं?"

"नाही."

"का?"

मेघा वेबकॅमची वायर बोटाला गुंडाळत राहिली. "जोडलं असतं तर... श्रावणात राखी घेऊन साक्रीला यावं लागलं असतं."

तो तिच्यासमोरच्या खुर्चीत बसला. मग हळूच म्हणाला, "माझी आजी आहे गावाकडे, ताईबाई. आजोबा मूळचे कुठले, ते तिला माहीत. एक फोन केला की कळेल."

"मग केला का नाहीत?"

"तुम्ही जोडलं का नाहीत?"

मेघाला हसू आलं आणि डोळेही भरले. समोर आबा ओट्यावर बसून कुणाला तरी भावाच्या गोष्टी सांगत होते. हात वर करून गिरधरची उंची दाखवत होते.

"आपण दोघं गप्प बसलो, तर त्या म्हाताऱ्याची थट्टा होईल," ती म्हणाली. "सकाळी लावू फोन. जे असेल ते आबांसमोरच कळू दे."

"आणि ते आपल्याला नको असलेलंच निघालं तर?"

"तर राखी चांगली आणीन. रेशमाची."

काल्याच्या दिवशी सकाळी मेघानं लॅपटॉपवरून व्हिडिओ कॉल लावला. वेबकॅम बांबूवरून काढला आणि आबांचा चेहरा नीट दिसेल असा धरला. तिकडे कुणीतरी ताईबाईंपुढे मोबाईल धरला होता. आधी घराचं छत दिसलं, मग पांढरे केस.

"वहिनी," आबा म्हणाले, "माले वळखतस का? मी लोटन. गिरधरना धाकला भाऊ."

ताईबाईंनी पटकन पदर पुढे ओढला. मग पदराआडून निरखून पाहत राहिल्या.

"धाकला भाऊ?" त्या सावकाश म्हणाल्या. "भाऊ, मना धनीले भाऊ नव्हताच. एकुलता व्हतात. तेस्ना बाप, आजा... बठ्ठा अठलाच."

"लगीनमा देवक कसानं ऱ्हास तुमनं?" आबांनी विचारलं.

"जांभूळनं."

देवक म्हणजे लग्नाच्या मांडवात ज्या झाडाची फांदी बांधतात ते; तीच घराण्याची खरी ओळख. आडनावं काय, इथे निम्मा खानदेश पाटील. आबांच्या घराचं देवक कळंब. जांभूळ म्हणजे घर वेगळं, रक्त वेगळं. मेघाला हलकं वाटलं... आणि लगेच आबांच्या चेहऱ्याकडे बघून जिवाला लागलं. आबा पडद्याकडे बघतच राहिले होते.

"चुकनूच मी, बाई," ते म्हणाले. "नाव आयकं, आन धाई गऊ."

"मग गयात त्यात काय?" ताईबाई म्हणाल्या. "मानूसले मानूस जोयजे. आमना समाधान कोठे शे?"

समाधान आबांच्या खुर्चीमागून पुढे आला आणि त्यांच्या पायाशी बसला. आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"मेघा, गिरधरना चौकोन तसाच ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "उसना मानूस बसाडीसन भाऊ येत नही. जठे व्हई तठे हरिनाम कानवर पडत व्हई तेना."

मग समाधाननं घसा खाकरला.

"आबा, मला तुमच्या वंशावळीत यायचं होतं. कालपासून फक्त गिरधर आजोबांच्या बाजूनं यायची भीती वाटत होती."

"मंग कोनी बाजूतीन येस?"

समाधान मेघाकडे बघत राहिला. मेघा वेबकॅमकडे बघत राहिली. पडद्यावर ताईबाई पदर सावरून पुढे झुकल्या आणि तोंडावर हात ठेवून हसू लागल्या.

"काय शे, बाई?" आबांनी त्यांना विचारलं.

"तुमले दिसत नही का, भाऊ? माले साक्रीथून दिसी ऱ्हायनं."

आबांनी एकदा नातीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग काठी शोधून उठले. "काल्यानं कीर्तन सुरू व्हई," एवढंच म्हणाले. पण जाताना थांबले आणि मागे न बघता बोलले, "मेघा, तुन्हा बापले सांग, दुपारले मनापासी येवाले."

दहीहंडी फुटली, काला वाटला, पंगती बसल्या. भरीत-पुरीचा वास मंडपभर दरवळला. समाधाननं शाल कमरेला बांधली आणि वरणाची बादली उचलून वाढायला निघाला. पहिल्याच ओळीत मेघा आडवी आली.

"तुम्ही सकाळी आबांना सांगितलंत. मला अजून विचारलं नाहीये."

बादली सांभाळत तो उभा राहिला. आजूबाजूला पंगत श्लोक म्हणत होती. "विचारायचं तर खूप दिवसांपासून आहे... मेघा, येशील?"

तिनं त्याच्या हातातली बादली काढून घेतली, आबांच्या शेजारच्या रिकाम्या पानाकडे मान हलवली आणि हळूच म्हणाली,

"बसा तिथे. आमच्याकडे जावयाला वाढायला लावत नाहीत."