हेमलताबाईंची बोलपट्टी

हेमलताबाईंच्या टाळूला आता एक पातळ पट्टी असते. अर्धांगवायूनं जीभ लुळी पडली. तिची उरलीसुरली हालचाल ही बोलपट्टी ओळखते आणि गळ्यातल्या लॉकेटमधून बाईंच्याच आवाजात बोलते. आवाज मिळाला जुन्या मोबाइलमधून. शाळा बंद होत्या तेव्हा बाईंनी मुलांना पाठवलेले इंग्रजीचे धडे त्यांचे यजमान रंगराव यांनी जपून ठेवले होते. एरवी या माणसाला स्वतःचा चष्मा सापडत नाही.

पट्टी बसवायला आलेल्या नाझनीननं धड्यातलंच वाक्य बोलायला सांगितलं. बाईंनी जीभ हलवली. लॉकेट म्हणालं, "राम वॉक्ट टू स्कूल."

रंगराव दचकले. "ही आमची न्हवं. आमची 'वॉकेड' म्हणती. अख्खं गारगोटी गाव म्हणतंय, तिनंच शिकवलंय."

पट्टी उच्चार आपोआप सुधारते, नाझनीननं समजावलं. क, प म्हणताना गळा थरथरत नाही, म्हणून त्यांच्यामागे 'ट' येतो: वॉक्ट, जम्प्ट. थरथरला तर 'ड': प्लेड. शब्द आधीच ट किंवा ड वर संपत असेल तरच 'इड': वॉन्टिड. बाईंनी चांगल्या हाताची बोटं रंगरावांच्या गळ्यावर ठेवली आणि त्यांना एकेक शब्द म्हणायला लावला. आठवड्याभरानं निवृत्तीनंतरची शिकवणी पुन्हा सुरू व्हायची होती.

रंगरावांनी नाझनीनला ओसरीवर गाठलं. ती सुधारणा काढून टाक म्हणाले. आज राहिली तर पट्टी त्याच बोलण्यावर पक्की होणार होती. "तिची चूकबी तिचीच हाय, पोरी."

आतून लॉकेट बोललं, "राहू दे. आयुष्यभर मुलांना चुकीचं शिकवलं मी. शाळा तपासायला आलेले साहेब हसून गेले, पण बरोबर काय ते कुणी सांगितलं नाही."

रंगरावांनी आत येऊन जेवणाची पानं घेतली. बाईंनी रोजच्यासारखी हाक मारली, आणि लॉकेटमधून आलं, "अहो, जेवताय ना?"

रंगरावांनी मागं वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून. लग्नापासून ही हाक एकच होती: आवो, जेवतासा न्हवं?

बाईंचा चेहरा उतरला. फक्त इंग्रजी सुधारता येईल का, त्यांनी विचारलं. नाझनीननं नकारार्थी मान हलवली. सुधारणेची कळ लॉकेटवर एकच होती. चूक कुठली आणि माहेरची बोली कुठली, हे पट्टीला कळत नव्हतं.

ताटावरून रंगराव म्हणाले, "बंद कर की. पोरांस्नी मी म्हणून दावतो." घसा खाकरून त्यांनी सुरुवात केली. "राम वॉकेट..."

बाई हसल्या. धड्यांत त्या कधी हसल्या नव्हत्या, त्यामुळे त्या हसण्याला पट्टीनं हात लावला नाही. ते जसंच्या तसं बाहेर आलं. मग त्यांनी कळ दाबली आणि दोन बोटं नवऱ्याच्या गळ्यावर टेकवली.

"म्हना बगू परत," लॉकेट म्हणालं. "आवो, गळा का थरथरतोय?"