अकराव्या रकान्यातलं नातं

करिअर कक्षाचं दार ढकलून मी आत गेले, तेव्हा टेबलापलीकडे एक तरुण फाइल चाळत बसला होता.

"बसा ना," तो म्हणाला.

एवढंच. पण मी आठवडाभर आरशासमोर घोकलेलं सगळं धडाधड ओतलं. आंतरराष्ट्रीय संबंध, एम.ए.चं शेवटचं वर्ष, परराष्ट्र सेवेची लेखी परीक्षा पास, आता मुलाखत... श्वास घ्यायला थांबले, तर तो ओठ चावून हसू आवरत होता.

"छान बोलता. पण कक्षाच्या मॅडम अजून यायच्यात. मीही त्यांचीच वाट बघतोय."

माझी कानशिलं तापली. "मग मधेच थांबवायचं ना!"

"थांबवणार होतो... पण तिसऱ्या वाक्याला तुम्ही डोळे मोठे केलेत, आणि ते राहूनच गेलं."

तो आमच्याच विभागाचा माजी विद्यार्थी. दोन वर्षांपूर्वी ह्याच सेवेच्या मुलाखतीत पडला आणि एका परक्या देशाच्या वकिलातीत दुभाषा म्हणून लागला. एक वाट बंद झाली तरी दुसऱ्या असतात, हे मुलांना सांगायला मॅडमनी त्याला बोलावलं होतं. त्यांनी त्याला सरळ माझ्याच गळ्यात बांधलं. "दर गुरुवारी हिची सराव-मुलाखत घे. आणि दयामाया नको!"

त्यानं खरंच दाखवली नाही.

"शेजारच्या देशानं करार मोडला. काय कराल?"

"का मोडला ते विचारेन."

"उत्तर नाही दिलं तर?"

"पुन्हा विचारेन. मी चिवट आहे."

"ते दिसतंय," तो कागदाकडे बघत म्हणाला. पेनाला टोपण लावायला माणसाला इतका वेळ लागतो?

चार महिने असेच गेले. सराव झाला की तो मला बसथांब्यापर्यंत सोडायचा, मधे हातभर अंतर राखून. काहीतरी बोलायला तोंड उघडायचा... आणि म्हणायचा, "बस आली." बस आलेली नसायची.

माझी निवड झाली! मी आनंदानं उड्या मारत होते, तोच पडताळणीचा फॉर्म आला. शुक्रवारी पाचच्या आत द्यायचा. दहा रकाने सुरळीत भरले. अकराव्यावर पेन अडलं.

'परदेशी वकिलातीत काम करणाऱ्या कोणाशी निकटचा संबंध आहे का? असल्यास नाव व नाते.'

मॅडम म्हणाल्या, "खरं लिही. खऱ्याला उशीर होतो, पण खोटं आयुष्यभर पाठीला लागतं."

पण खरं काय होतं? आईला फोन लावला. ती टपाल कचेरीत काउंटरवर असते. परदेशी पाकिटांवरची तिकिटं दाखवून परराष्ट्र सेवेचं हे वेड मला तिनंच लावलेलं.

"अगं, बसथांब्यापर्यंत चालत जाण्याला का नातं म्हणतात? नाही लिही आणि मोकळी हो," ती म्हणाली. मग आवाज खाली आला. "की... आणखी काही आहे?"

मी फोन कानाशी घट्ट दाबला. तिच्या मागे शिक्के पडत होते... धप्, धप्.

शेवटी त्यालाच बोलावलं. शुक्रवारी साडेचारला तो धापा टाकत आला, गळ्यात वकिलातीचं ओळखपत्र. मी फॉर्म पुढे सरकवला. त्यानं तो वाचलाही नाही.

"नाही लिहा," तो म्हणाला. "आपण एकमेकांना कधी काही बोललोय का?"

"तुम्हाला हा रकाना ठाऊक होता?"

तो खिडकीकडे बघू लागला. "माझ्या मुलाखतीच्या वेळीच वाचला होता हा फॉर्म. तुम्हाला 'नाही' लिहिता यावं... खोटं न बोलता लिहिता यावं, म्हणून तर गप्प राहिलो."

चार महिने! आणि मी मूर्खासारखी त्या न आलेल्या बसला शिव्या देत होते.

"आणि हे तू एकट्यानं ठरवलंस?" रागाच्या भरात 'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलंच नाही. "नोकरी माझी, फॉर्म माझा, मनही माझं. मला विचारलंस?"

"तुझी तुकडी पुढच्या महिन्यात प्रशिक्षणाला जाईल. 'हो' लिहिलंस तर चौकशी लागेल. कदाचित..."

"कदाचित नोकरी जाईल. माहीत आहे मला."

तरी लिहिलं... 'हो.' त्याचं नाव लिहिलं. नात्यापुढे लिहिलं, 'माझं प्रेम आहे. त्यांचं त्यांना विचारावं.' आणि त्याच्याकडे न बघता फॉर्म द्यायला धावले. पाचला अकरा मिनिटं होती.

माझी तुकडी गेली. मी राहिले. मैत्रिणींचे प्रशिक्षणातले फोटो येत होते आणि मी मॅडमच्या कक्षात पहिल्या वर्षाच्या मुलांचे अर्ज तपासत बसायचे. तो रोज यायचा. आम्ही बोलायचो ते फक्त चौकशीबद्दल. दुसरं काही काढायची दोघांनाही भीती.

सातव्या आठवड्यात बोलावणं आलं. सकाळी त्याला, दुपारी मला.

चौकशी अधिकारी बाईंनी दोन तास उलटसुलट विचारलं. तो वकिलातीतलं काही सांगतो का? मी कागद दाखवले का? शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"लग्नाचा विचार आहे?"

"त्यानं... अजून विचारलेलं नाही."

बाईंनी पान उलटलं. "सकाळी ते म्हणाले, 'माझा आहे. तिचा तिला विचारा.' नियम आड आला तर वकिलात सोडतील म्हणे. पुस्तकांची भाषांतरं करून पोट भरता येतं, असंही सांगितलं." त्यांनी पेन कागदावर टेकवलं. "तुमचं काय लिहू?"

डोळे भरून आले. अक्षरं दिसेनात.

"लिहा... तिचाही आहे."

मंजुरीचं पत्र पुढची तुकडी निघायच्या आठच दिवस आधी आलं. पण त्या दुपारी ते कुठं ठाऊक होतं! बाहेर आले तर तो जिन्यापाशी उभा, चेहरा पांढराफटक.

"काय विचारलं त्यांनी?"

"जे तू इतके दिवस विचारलं नाहीस, ते."

"आणि... तू काय सांगितलंस?"

"सरकारी कागदावर आहे," मी म्हणाले. "गोपनीय."

आणि त्याचा हात धरून जिना उतरू लागले.