शून्यवाचन

मूळदर्शकाच्या खुर्चीत बसणारा प्रत्येक जण आधी घसा खाकरतो. यंत्राला आवाजाशी काहीएक देणंघेणं नाही, हे सांगून सांगून डॉ. फरीदा काझी थकल्या होत्या. दामोदर तांबटांनीही खाकरलाच. अंगात ठेवणीतला सदरा, डोक्यावर तारांचा टोप, हातात पाण्याचा पेला. काचेपलीकडे त्यांची मुलगी ऋचा उभी होती आणि तिच्याशेजारी तिचे मार्गदर्शक, डॉ. अच्युत हर्डीकर.

तीस वर्षांपूर्वी चंद्रावरच्या शशिस्थान वसाहतीत एका बोगद्याला तडा गेला आणि हवा सुटू लागली. सुरक्षादार वरून खाली पाडून बोगदा बंद केला गेला. दारापलीकडे सात कामगार राहिले, ते राहिलेच. दार पाडणारा माणूस म्हणजे दामोदर तांबट. पृथ्वीवरच्या नियंत्रण कक्षातून ‘दार पाड’ असा हुकूम आला म्हणून पाडलं, हे ते पहिल्या दिवसापासून सांगत होते. पण त्या वेळचं ध्वनिमुद्रण सौरवादळात पुसलं गेलं होतं आणि कक्षातल्या एकानेही हुकूम दिल्याचं कबूल केलं नव्हतं. स्मारकाच्या शिळेवर कोरलं गेलं ते असं: दारचालकाने घाबरून दार पाडले. आता फेरचौकशी समितीने मूळदर्शकाचा कौल मान्य करायचं ठरवलं होतं. कौल बाजूने आला, तर शिळा बदलणार होती.

“काका, घाबरू नका,” फरीदा म्हणाल्या. “एखादी गोष्ट आपण स्वतः अनुभवली की मेंदूत तिचा तळठसा उमटतो. डोळ्याचा, कानाचा, नाकाचा. स्वतः बोललो असलो तर जिभेचा. पुढे हजार वेळा सांगा, वर थर चढतील, पण तळाचा ठसा पुसत नाही. नुसत्या वाचलेल्या गोष्टीला तो नसतोच.”

“पण हुकूम तर मी ऐकलाच होता. ऐकलेलं चालतं का?”

“तुम्हाला दिलेला हुकूम ऐकलात, तो अनुभव. दुसऱ्याला दिलेला कुणी येऊन सांगितला, तर ती बातमी. यंत्राला दोन्ही वेगळे कळतात.”

इतिहासाच्या भाषेत एक प्राथमिक साधन, दुसरं दुय्यम. हर्डीकरांनी ऋचाला पहिल्याच दिवशी हे शिकवलं होतं. “मुळाशी जा. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिऊ नकोस,” असं ते म्हणत, आणि ऋचा ते अक्षरशः पाळत असे. घरात बापाची गोष्ट ऐकत मोठी झालेल्या मुलीला असा गुरू मिळाला, याचं तिला फार अप्रूप होतं.

यंत्राची एक अडचण होती. नुसतं वाचलेलं सांगतानाही मेंदूत थोडी झळक येते, कारण माणूस कल्पना करतो. म्हणून ज्याला ती घटना फक्त वाचून माहीत आहे असा माणूस आधी तेच निवेदन म्हणायचा आणि त्याची झळक साक्षीदाराच्या वाचनातून वाक्यावाक्याला वजा व्हायची. हे शून्यवाचन. सगळ्यात जास्त वाचलेल्या माणसाला शून्याला बसवायचं, हा प्रयोगशाळेचा शिरस्ता. सकाळी हर्डीकर स्वतःहून बसले होते. शशिस्थानवरचं प्रमाण मानलं गेलेलं पुस्तक त्यांचंच. तरुणपणी ते त्या नियंत्रण कक्षात नोंदपाल होते. पण दुर्घटनेच्या दिवशी मिरजेला सुटीवर होते आणि सगळं दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचलं, असं प्रस्तावनेतच लिहिलं होतं.

“हं तांबट, सुरू करा,” हर्डीकर ध्वनिक्षेपकातून म्हणाले.

दामोदररावांनी मान वर केली. काचेकडे बराच वेळ बघत राहिले, पेला एका दमात रिकामा केला आणि मग बोलायला लागले.

कौल आला. तडा, धूळ, दाराचा दांडा, सगळ्या वाक्यांचे आकडे चढे होते. वाद ज्या एका वाक्याचा होता, त्यापुढे मात्र शून्य उमटलं. पुस्तक वाचणाऱ्याला ‘दार पाड’ जेवढं आठवतं, तेवढंच दार पाडणाऱ्याला आठवत होतं.

ऋचाने तो आकडा वडिलांना दाखवला. “लहानपणापासून हेच सांगत आलात मला. शाळेत पोरं नावं ठेवायची तेव्हा मी भांडायचे तुमच्यासाठी. सगळं बनवलेलं होतं?”

“तुला काय वाटतं?” त्यांनी विचारलं.

“मला वाटून काय उपयोग? समोर आकडा आहे.”

रात्री तिच्याकडे राहायचं ठरलं होतं, तरी पिशवी उचलून ते दुपारच्याच गाडीने कोल्हापूरला परतले. हर्डीकरांनी ऋचाच्या पाठीवर हात ठेवला. “सत्य पचवायला जड जातं,” ते म्हणाले. तिला त्या हाताचा आधार वाटला.

शशिस्थानवरचा प्रबंध तरी ऋचाला पुरा करायचा होता. ‘हुकूम आल्याचा पुरावा नाही’ हे वाक्य तिला साधार द्यायचं होतं, म्हणून गुरूच्याच शिकवणीप्रमाणे ती मुळाशी निघाली. समितीचा पहिला अहवाल एका लेखाचा हवाला देत होता, तो लेख दुसऱ्या लेखाचा, आणि सगळ्या वाटा शेवटी हर्डीकरांच्या पुस्तकात शिरत होत्या. पुस्तकात त्या वाक्याखाली तळटीपच नव्हती. एरवी चहाच्या भावालाही तळटीप देणारा हा माणूस!

ती फरीदांकडे गेली. “मॅडम, शून्यच शून्य नसेल तर?”

“म्हणजे?”

“शून्याला बसलेल्यालाच तळठसा असेल तर?”

“अगं, ते मिरजेला होते!”

“कशावरून?”

“त्यांच्या प्रस्तावनेत...” म्हणता म्हणता फरीदांच्या लक्षात आलं. मिरजेचा आधारही ती प्रस्तावनाच होती.

“सरांचं वाचन कधी उघडून पाहिलंत?”

“शून्यवाचन कोण उघडतं? त्याची वजाबाकी करायची, संपलं.”

“मग मला शून्याला बसवा. मला ही गोष्ट फक्त ऐकून माहीत आहे. बाबांचं वाचन साठवलेलं आहेच.”

ऋचाने टोप चढवला आणि निवेदन म्हटलं. फरीदांनी तिची झळक वजा केली. ‘दार पाड’समोरचा आकडा सरसर वर चढला. वाट कानाची होती. दामोदर तांबटांनी तो हुकूम स्वतःच्या कानांनी ऐकला होता. ऋचा टोप काढायचंही विसरली.

मग फरीदांनी हर्डीकरांचं वाचन घेतलं आणि त्यातूनही ऋचाची झळक वजा केली. तडा सपाट, धूळ सपाट, दांडा सपाट. सगळं खरोखरच वाचलेलं. एकच वाक्य लखलखत होतं.

“कानाची वाट आहे का?” ऋचाने विचारलं. “कक्षात होते का ते? ऐकलं का त्यांनी?”

फरीदांनी दोनदा तपासून पाहिलं. “कान नाही गं,” त्या हलकेच म्हणाल्या. “जीभ.”

हर्डीकर आपल्या खोलीत मुद्रितं तपासत होते. तिने आलेख टेबलावर ठेवला. त्यांनी तो पाहिला आणि चष्मा काढला. काय आहे, हे त्यांना विचारावं लागलं नाही.

“निर्णय बरोबर होता,” ते म्हणाले. “दार पडलं नसतं तर अख्खी वसाहत गेली असती. वरिष्ठ जागेवर नव्हते. कुणीतरी बोलायला हवं होतं.”

“मग बोललात हे सांगितलं का नाहीत?”

“पुस्तकात मी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. पुरावा उपलब्ध नाही, एवढंच लिहिलंय.”

“पुरावा तुम्ही होतात, सर! आणि मिरज?”

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. हा माणूस तिला मूळ शोधायला शिकवत होता आणि स्वतः मुळावर बसून होता. बाबांच्या नावावरचा डाग पुसला जाऊ नये म्हणून त्याने आपणहून खुर्ची मागून घेतली होती, आणि वर तिच्या पाठीवर हात ठेवला होता. तोच हात आता आलेखाकडे सरकत होता. तिने कागद ओढून घेतला.

“समितीकडे मूळ प्रत आधीच गेली आहे,” ती म्हणाली आणि बाहेर पडली.

व्हरांड्यातूनच तिने कोल्हापूरला फोन लावला.

“बाबा, शून्य चुकीचं होतं. तुमचं खरं होतं. तो हुकूम... तो आवाज हर्डीकर सरांचा होता.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. दामोदररावांनी गॅस बंद केल्याचं ऐकू आलं.

“माहीत आहे,” ते म्हणाले. “काचेमागून ‘सुरू करा’ म्हणाला ना, तेव्हाच ओळखला मी. तो आवाज मी विसरेन होय?”

“मग मला सांगितलं का नाहीत?”

“सांगणार होतो. म्हटलं, यंत्राचं होऊ दे, मग तुझ्या घरी निवांत बसून सांगू. पण तू आकडा घेऊन आलीस. मी तुला विचारलं, तुला काय वाटतं. आठवतंय, तू काय म्हणालीस ते?”