बावीस रकाने

थीम पार्कला जायचं ठरलं तेव्हा घरात कामांची रीतसर वाटणी झाली. गाडी मुलगा चालवणार. पाण्याच्या बाटल्या, टोप्या आणि कोरडे कपडे सूनबाई सांभाळणार. नात सात वर्षांची, तेव्हा ती नकाशा हातात घेऊन सगळ्यांना चुकीच्या दिशेला नेणार. आणि मी भोपूचा हात धरणार.

"बाबा, तुमच्याकडं एकच काम आहे," सूनबाई फाटकापाशी म्हणाली. "हात सोडायचा नाही. बाकी काही केलं नाहीत तरी चालेल."

"बाकी काही न करण्याचा मला तेहतीस वर्षांचा सरकारी अनुभव आहे," मी म्हणालो.

ती हसली. मुलगा हसला नाही. त्याने हा विनोद आधी ऐकला होता.

भोपू माझा नातू, वय वर्षं चार. तो रडायला लागला की बंदरात जहाजानं भोंगा वाजवल्यासारखं वाटायचं, म्हणून भोपू. त्याला रडायला कारणंही भरपूर होती. फुग्यांची भीती, सरकत्या जिन्याची भीती, हात वाळवायच्या यंत्राची भीती, आणि माणूस आत शिरून नाचतो त्या सोंगांची तर फारच. इथं फाटकातच पुरुषभर उंचीचं निळं अस्वल येईल त्या मुलाशी हात मिळवत उभं होतं. ते पाहून भोपू माझ्या पायाला जो चिकटला, तो पुढचे तीन तास माझ्या पायाचाच एक भाग म्हणून हिंडला.

ऊन चांगलं तापलं होतं. तळलेल्या बटाट्यांचा, यंत्रांच्या तेलाचा आणि ओल्या कपड्यांचा मिळून एक वास सगळीकडे भरून राहिला होता. आम्ही कपबशीच्या पाळण्यात बसून गरगरलो. पाण्याच्या घसरगुंडीखाली भिजलो. छोट्या आगगाडीत बसलो तेव्हा माझे गुडघे माझ्याच कानांना लागले. दुपारी तीनच्या सुमारास नातीनं उंच, वेड्यावाकड्या रुळांकडे बोट केलं आणि ती उंचीच्या पट्टीपाशी टाचा उंचावून उभी राहिली. ती पास झाली. मुलगा आणि सूनबाई तिच्याबरोबर रांगेत गेले. मी आणि भोपू कपड्यांची पिशवी घेऊन खाली थांबलो.

खांबावर नियमांची पाटी होती. मी पाट्या वाचतो. मी नोंदणी कार्यालयात हेडक्लार्क होतो, आणि निवृत्तीनंतर माणूस दुसरं करणार काय? चौदा नियम होते. आठव्यानंतर एकदम दहावा आला. नववा गाळलेला असावा, किंवा बारीक अक्षरात कुठं तरी लिहिलेला असावा, म्हणून मी खिशातून जवळचा चष्मा काढला. चष्म्याचं घर उघडायला दोन हात लागतात.

नववा नियम कुठंच नव्हता. मी चष्मा काढून खाली पाहिलं, तर भोपूही नव्हता.

मी हाका मारल्या. तिकिटाच्या खिडकीमागे पाहिलं, कचऱ्याच्या पिंपांमागे पाहिलं, आईसक्रीमच्या गाडीखाली वाकून पाहिलं. सगळीकडे चार वर्षांची मुलं होती. इतकी मुलं असतात जगात, हे मला त्या दिवशी कळलं. कुठंही भोपूचं रडणं ऐकू येत नव्हतं, आणि मी खरा घाबरलो तो त्यामुळं.

रांगेतल्या मुलाला आणि सूनबाईला ओरडून सांगायला हवं होतं. ते मी केलं नाही. त्यांना खाली यायला अर्धा तास होता, आणि मला दिलेलं काम एकच होतं. तेवढ्या वेळात पोराला शोधून पुन्हा खांबापाशी उभं राहायचं, असा मी हिशेब केला.

हरवलेल्या मुलांची खोली स्वच्छतागृहांच्या मागं होती. अशा खोलीत रंगीत खुर्च्या आणि खेळणी असतील असं मला वाटलं होतं. इथं भिंतीला लागून लोखंडी कपाटं होती, मधे योग्य उंचीचं टेबल होतं, त्यावर शिक्का, शाईचा पॅड आणि दोऱ्यानं बांधलेल्या फायली. टेबलामागे माझ्याच वयाच्या एक बाई बसल्या होत्या. पाठीमागे एक बंद दार. उन्हातून आल्यावर खोली फार गार लागली. खरं सांगतो, एवढ्या घाबऱ्या अवस्थेतही मला ती खोली पाहून घरी आल्यासारखं वाटलं.

"मुलगा हरवलाय," मी म्हणालो. "चार वर्षांचा."

बाईंनी एक फॉर्म पुढं सरकवला. "हा भरा."

"अहो, आत असला तर नुसतं दार उघडा. मी ओळखतो त्याला."

"सगळे असंच म्हणतात," त्या म्हणाल्या. "आम्ही फॉर्मवरूनच देतो. नीट आठवून लिहा. खाडाखोड चालत नाही."

फॉर्ममध्ये बावीस रकाने होते.

आता, कचेरीत मी एक गोष्ट शिकलो होतो. रिकामा रकाना असलेला अर्ज हमखास परत येतो. चुकीचा भरलेला कधीच परत येत नाही, कारण तो वाचतं कोण? त्यामुळं तेहतीस वर्षांत माझ्या हातून एकही रकाना रिकामा गेला नाही. लोकांना आपल्या आईची जन्मतारीख आठवायची नाही, तेव्हा मी त्यांना एखादी बरी तारीख देत असे.

नाव आणि वय मला पाठ होतं. तिसऱ्यापासून मी अडखळलो. शर्टाचा रंग? सकाळपासून तो माझ्या पायाला चिकटला होता, म्हणजे मला वरून फक्त त्याचे केस दिसत होते. पिवळा, असं मी लिहिलं. बूट, काळे. उंची अंदाजानं. ओळखीची खूण? काही तरी असणारच. डाव्या भुवईवर जुन्या जखमेचा व्रण, असं माझ्या हातून लिहून गेलं, आणि लिहून झाल्यावर लक्षात आलं की तो व्रण माझ्या मुलाचा. लहानपणी उंबऱ्याला अडखळून पडला होता. पण खाडाखोड चालत नव्हती.

मग माझा हात चालू लागला. भाज्या खातो का? सगळ्या. झोप कशी? शांत. रडतो का? नाही. कशाकशाची भीती वाटते? कशाचीही नाही. आपल्या माणसाबद्दल चार बरे शब्द लिहिताना कुणाचा हात आखडतो? शेवटचा रकाना होता, मूल कसं हरवलं. मी लिहिलं, गर्दीत हात सुटला.

बाईंनी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून सगळा फॉर्म वाचला. माझ्या कारकिर्दीत असं करणारं माणूस मी पाहिलं नव्हतं.

"नक्की?"

"नक्की."

त्या फॉर्म घेऊन दारामागं गेल्या. आतून खण उघडल्याचे आणि लागल्याचे आवाज येत राहिले. एक उघडला, लागला. दुसरा उघडला, लागला. एकाही मुलाचा आवाज नव्हता. सात मिनिटांनी त्या बाहेर आल्या, तेव्हा त्यांच्या बोटाला धरून भोपू आला.

पिवळा शर्ट. काळे बूट. डाव्या भुवईवर व्रण.

"आजोबा," तो म्हणाला. आवाज भोपूचाच होता. चेहराही, भुवई सोडली तर, भोपूचाच होता. पण डोळे कोरडे होते, आणि गालांवर एकही ओघळ नव्हता.

मी सही का केली? मीही स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. एक तर तिघांची खाली यायची वेळ झाली होती. दुसरं म्हणजे व्रण असेलही, माझंच लक्ष नसेल, असं वाटलं. मी सही केली. बाईंनी शिक्का मारला.

आम्ही खांबापाशी पोचतो न पोचतो तोच तिघं आली. नात आनंदानं पांढरीफटक पडली होती.

"अरे वा, शर्ट बदललात का त्याचा?" सूनबाई म्हणाली. "ओला झाला होता ना हिरवा. बाबा, तुम्ही शहाणे आहात हं."

"असू दे, असू दे," मी म्हणालो.

"हे कधी लागलं याला?" तिनं वाकून भुवईवर बोट फिरवलं.

"जुनं आहे," मुलगा म्हणाला आणि नकळत त्याचा हात स्वतःच्या भुवईवर गेला. "मलाही इथंच लागलं होतं. आमच्या घराण्यातच आहे ते."

विषय तिथं संपला.

पुढचे दोन तास आमच्या कुटुंबाच्या इतिहासातले सगळ्यात सुखाचे असावेत. भोपूनं पुढं ठेवलेल्या भाज्या गाजरापासून वाटाण्यापर्यंत ओळीनं खाल्ल्या. त्याने हात वाळवायच्या यंत्राखाली हात धरले, आणि ते आपोआप बंद झालं तरी धरून ठेवले. त्याच्या कानाशी एक फुगा फुटला. मी दचकलो. तो नाही.

"आज एकदाही रडला नाही!" सूनबाई मला म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "काय केलंत हो तुम्ही?"

बाहेर पडताना निळं अस्वल आडवं आलं. भोपू माझा हात सोडून सरळ त्याच्यापाशी गेला. त्याने मान वर केली आणि अस्वलाच्या तोंडाच्या जाळीतून, जिथून आतला माणूस बाहेर बघतो, तिथून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. अस्वल दोन पावलं मागं सरकलं. मग त्याने पुढं केलेला पंजा हळूच पाठीमागं घेतला.

"बघ, अस्वलच घाबरलं," नात म्हणाली आणि सगळे हसले.

गाडी पार्किंगच्या टोकाच्या रांगेत होती. ऊन उतरायला लागलं होतं. सगळे बसले. भोपूनं स्वतःचा पट्टा स्वतः लावला. मी दार ओढणार, इतक्यात खांबावरचा लाऊडस्पीकर खरखरला.

"चार वर्षांचा एक मुलगा सापडला आहे. हिरवा शर्ट. एकाच पायात बूट. मुलगा सारखा रडतो आहे. त्याच्या आजोबांनी ताबडतोब यावं."

"कुणाचं बिचारं," सूनबाई पट्टा ओढत म्हणाली. "आणि असले कसले आजोबा?"

भोपू माझ्याकडे पाहत होता.

"मी चष्मा विसरलो," मी म्हणालो. "आलोच."

चष्म्याचं घर माझ्या खिशातून बाहेर डोकावत होतं.

एवढा मी आयुष्यात कधी धावलो नव्हतो. लोक उलट्या दिशेनं बाहेर पडत होते, झोपलेली मुलं त्यांच्या खांद्यांवर होती, आणि मी प्रत्येक खांद्यावरचा चेहरा बघत आत चाललो होतो. खोलीत बाई फायलींना दोरा बांधत होत्या.

"हिरवा शर्ट," मी धापा टाकत म्हणालो. "तो माझा आहे. मघाशी चूक झाली. दुसरा फॉर्म द्या. या वेळी सगळं बरोबर लिहितो."

"तो गेला की," बाई म्हणाल्या. "आत्ता, पाच मिनिटं झाली."

"कुणाबरोबर?"

"आजोबांबरोबर."

त्यांनी फाईल पुन्हा सोडली आणि फॉर्म माझ्यासमोर ठेवला. बावीसच्या बावीस रकाने भरलेले होते. शर्ट हिरवा, खिशावर बदक. बूट निळे, डावा सैल. उजव्या कानामागं तीळ. मी तो तीळ कधी पाहिला नव्हता. भीती कशाकशाची, यासाठी जागा पुरली नव्हती, म्हणून समासात लिहिलं होतं. फुगे, सरकता जिना, अस्वल, हात वाळवायचं यंत्र, आणि आजोबांचं लक्ष नसणं.

शेवटचा रकाना. मूल कसं हरवलं. हात सुटला नव्हता. सोडला होता. तीन हाका मारल्या होत्या त्यानं.

अक्षर माझं होतं. खाली सहीही माझी होती.

"ही मी केलेली नाही," मी म्हणालो.

बाईंनी चष्म्यावरून आधी सहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"फॉर्म अगदी व्यवस्थित भरला होता त्यांनी," त्या म्हणाल्या. "असं कुणी भरत नाही हो."

"कुठं गेले ते?"

"घरी. गाडीत सगळे वाट बघताहेत म्हणाले."

मी परत धावलो.

टोकाच्या रांगेत आमची जागा रिकामी होती. डांबरावर तेलाचा एक ताजा थेंब होता.

मी मुलाला फोन लावला. चौथ्या घंटेला त्याने उचलला, पण माझ्याशी बोलला नाही. "बाबा, तुमच्याच नंबरावरून फोन येतोय बघा," तो गाडीत कुणाला तरी म्हणाला.

"मग ठेव की," माझा आवाज म्हणाला. "मी इथंच बसलोय."

सगळे हसले. मुलगाही हसला. त्यांच्या हसण्यामागं, रडून रडून दमल्यावर मुलं देतात तसा एक लांब हुंदका ऐकू आला. फोन बंद झाला.

मी पुन्हा लावला. पुन्हा लावला. मग कुणी उचलेना.

तो रिकाम्या जागेच्या कडेला, कठड्यावर बसला होता. पिवळा शर्ट, काळे बूट, दोन्ही पाय जुळवलेले. पार्किंगमधले दिवे लागले तरी त्याने वर पाहिलं नाही.

मी त्याच्या शेजारी बसलो. दुसरं काय करणार?

"मी सगळ्या भाज्या खातो," थोड्या वेळानं तो म्हणाला. "मी शांत झोपतो. मी रडत नाही. मला कशाचीही भीती वाटत नाही."

त्याने बावीसही गोष्टी सांगितल्या. न चुकता, मी लिहिल्या होत्या त्याच क्रमानं. मग तो थांबला, कारण त्यापुढं मी काहीच लिहिलं नव्हतं, आणि माझ्याकडे वळून वाट बघत राहिला.

"आणि?" तो म्हणाला.