शेवटच्या रांगेतला पडदा

विमानाच्या खिडकीला पडदा असतो म्हणतात, पण त्यात कापडाचा एक धागा नसतो. प्लास्टिकची पातळ पाटी, दोन्ही बाजूंना खाचा, आणि पाटी जिथे सोडाल तिथे थांबावी म्हणून खाचेत घट्ट पट्ट्या. सत्तावीस वर्षं मी हेच दुरुस्त करतोय. बाकीचे इंजिनं उघडतात, मी पडदे उघडतो. वर्कशॉपमध्ये मला 'पडदानशीन' म्हणतात. म्हणोत बापडे.

विमान उतरताना सगळे पडदे वर हवेत, हा नियम. आमची लेक विमानात नोकरीला लागली, तेव्हा ट्रेनिंगहून आल्या आल्या मलाच शिकवायला लागली.

"बाबा, काही झालं तर आपल्याला बाहेरचं दिसायला हवं. आणि बाहेरच्यांना आतलं."

"राणीसरकार, तुम्ही रांगत होता तेव्हापासून मी हे काम करतोय," मी म्हणालो. ती हसली. बायको गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळे तिचं हसू मला फार लागतं.

मार्चमध्ये विमानाच्या वहीत पहिली तक्रार आली. शेवटची रांग, डावी खिडकी. उतरताना पडदा आपोआप खाली येतो. मी तो चाळीस वेळा वर-खाली केला. बोटानं ढकलल्याशिवाय तसूभर हलेना. 'दोष आढळला नाही' लिहिलं आणि सही ठोकली.

आठवड्यानं पुन्हा तेच. मग मी अदलाबदल केली. शेवटच्या खिडकीची पाटी पुढच्या खिडकीला, पुढच्या खिडकीची शेवटच्या खिडकीला. दोष पाटीबरोबर पुढे गेला तर पाटी खराब, जागेवर राहिला तर खाच खराब. आमच्या धंद्यात तिसरी शक्यताच नाही.

तिसरी तक्रार आली ती दुसऱ्याच विमानातून. बारावी रांग, उजवीकडे.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावलं. दोन्ही विमानांच्या वह्या टेबलावर उघड्या होत्या.

"अक्षर ओळखता?"

ओळखलं. आजवर मी नुसता खिडकीचा नंबर वाचत आलो होतो. लेकीच्या अक्षराला उजवीकडे वळण आहे, तिच्या आईसारखं.

"अजून तिला कायम केलेलं नाही," साहेब म्हणाले. "वरचे म्हणतात, पोरगी उगाच कांगावा करते. चौथी तक्रार आली तर घरी पाठवतील. तुमची मुलगी म्हणून सांगतोय."

घरी आल्यावर मी विचारलं. ती भांडी पुसत होती, पुसतच राहिली.

"मी जिथे असते ना बाबा, तिथलाच पडतो. मी वर करते, तो खाली येतो. परवा सात वेळा केला. हाताला जोर लागतो हो. जसं आपण बघू नये म्हणून कुणी तोंडावर दार लावतंय."

"प्रवासी काय म्हणतात?"

"हसतात." ताट तिनं जागेवर ठेवलं. "बाबा, ही नोकरी गेली तर मी काय करू?"

मला राग आला. पडद्याचा, साहेबांचा, वरच्यांचा. सत्तावीस वर्षं ज्याच्यावर पोट भरलं, त्या दीड वितीच्या प्लास्टिकनं माझ्या पोरीच्या पोटावर पाय द्यावा? म्हटलं, थांब, तुझी खोडच मोडतो.

दुसऱ्या दिवशी ॲल्युमिनियमच्या पट्टीतून दोन अडसर कापले. तिची ड्यूटी मागच्या बाजूला होती. उतरताना ती जिथे बसते, तिथून तिला एकच खिडकी समोर दिसते. शेवटच्या रांगेची, डावीकडची. पाटी पूर्ण वर केली आणि तिच्याखाली दोन्ही खाचांत अडसर ठोकून बसवले. वहीत नोंद केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा न लिहिता काम केलं. अति शहाणा!

सकाळी अकराला विमान उतरलं. ऊन रणरणत होतं. मी जिन्याखाली उभा होतो. प्रवासी गेले, मग ती आली.

"नाही पडला," ती म्हणाली.

"मग? सांगितलं नव्हतं?"

ती हसली नाही. माझ्याकडे बघत होती, पण नजर माझ्या खांद्यावरून मागे जात होती.

"बाहेर काय होतं गं?"

"काही नाही. बस येईल आता."

बस आली आणि ती गेली. मी विमानात चढलो. अडसर कुणाच्या नजरेला पडायच्या आत काढायचे होते.

अडसर जागेवर होते. पाटी मात्र मधोमध वाकून चिरली होती. वरच्या कडेपासून खालपर्यंत चीर. खाचांच्या तोंडाशी पांढरा भुगा पडला होता. घट्ट पट्ट्या दोन्हीकडून सोलून निघाल्या होत्या. ती पाटी खाली यायला जिवाच्या आकांतानं झटली होती, आणि मी तिचे पाय बांधून ठेवले होते.

मी वाकून खिडकीबाहेर बघितलं.

सर्वांत बाहेरच्या काचेवर वाफेचा गोल डाग होता. तोंड काचेला लावून श्वास सोडल्यावर उमटतो तेवढा. मी रुमाल काढला. आतल्या काचेवरून कितीही पुसलं तरी तो जाणार नव्हता. तो बाहेरून होता. हे मला कळलं तेव्हा रुमाल हातातच राहिला.

साहेबांना काहीबाही सांगून मी घरी धावलो. चार मजले चढताना फासळ्या दुखल्या.

ती तिच्या खोलीत होती. गणवेश तसाच. खुर्ची ओढून खिडकीसमोर बसली होती, हात मांडीवर, पाठ ताठ, विमानात उतरताना बसते तशी. भर दुपारचं ऊन तिच्या तोंडावर होतं आणि ती डोळे मिटत नव्हती.

"बाळा, डोळ्यांवर ऊन येतंय."

मी पुढे झालो आणि पडद्याला हात घातला. हा मात्र कापडाचा, तिच्या आईनं शिवलेला. लेकीनं माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार होता.

"राहू दे बाबा, उघडाच," ती हळूच म्हणाली. "बाहेरच्यांना आतलं दिसायला हवं."

आमच्या खिडकीबाहेर गॅलरी नाही, सज्जा नाही. खाली चार मजले नुसती हवा.

काचेवर बाहेरून वाफेचा गोल होता. तो विरत गेला, आणि पुन्हा भरला.